नऊ-सहाचा तक्ता कुठे मिळेल?

वाचकाचे पत्र

महोदय, मी राजारामपुरीत राहतो आणि एका सहकारी बँकेतून निवृत्त झालो आहे. पत्त्यांचा नाद तरुणपणापासूनचा. रमी आणि तीन पानी आमच्या मित्रमंडळात नेहमीचेच. वर्षातून एखाद्या वेळी मित्रांबरोबर गोव्याच्या कॅसिनोत जाणे होते. अलीकडे फोनवर, पैसे न लावता, व्हिडिओ पोकर (यंत्राने वाटलेल्या पाच पत्त्यांतले हवे ते ठेवायचे, बाकीचे एकदा बदलायचे आणि जुळलेल्या हातानुसार बक्षीस घ्यायचे) खेळू लागलो आणि तो खेळ मनात भरला, कारण त्यात डोके चालवावे लागते. येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता डॅलसला मुलाकडे जाणार आहोत. तो आम्हांला चार दिवस लास व्हेगासला नेणार आहे, शिवाय ओक्लाहोमाच्या हद्दीत त्याच्या घरापासून तासाभरावर एक प्रचंड कॅसिनो आहे, तिथेही नेईन म्हणतो. व्हिडिओ पोकर खेळणाऱ्याने कॅसिनोंची तुलना कशी करावी? मित्रांचे म्हणणे असे की, जिथे गर्दी जास्त आणि खाणेपिणे फुकट, तिथले मशीन ‘सुटते’. मेंबर कार्ड मशीनमध्ये घातले तर मशीन देत नाही, असेही ते सांगतात. आमच्या सौ. विचारतात, ‘ताशी किती घालवणार ते आधी सांगा.’ त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातला सर्वांत नेमका प्रश्न वहिनींचा आहे आणि कॅसिनोंची तुलना करण्याची रीत त्याच प्रश्नाच्या उत्तरातून निघते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. व्हिडिओ पोकरमध्ये ताशी किती पैसे जातील याचा अंदाज चार गोष्टींवरून बांधता येतो: एका डावाला किती लावले, तासात किती डाव झाले, मशीनच्या तक्त्यात कोणत्या हाताला किती बक्षीस आहे आणि पत्ते ठेवण्या-टाकण्यात खेळाडू किती चुका करतो. या चारांत कॅसिनोच्या नावाला कुठेच जागा नाही. गुळाचा रवा घेताना आपण अडत्याच्या पेढीची पाटी न पाहता रव्याचा रंग आणि कणी पाहतो, तसे इथे झुंबरे, कारंजी आणि गर्दी सोडून मशीनवरचा बक्षिसांचा तक्ता पाहायचा असतो. एकाच छताखाली एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या दोन मशीनचे तक्ते वेगळे असू शकतात. इतकेच काय, एकाच मशीनवर पाव डॉलरचा खेळ निवडला तर एक तक्ता आणि एक डॉलरचा निवडला तर दुसरा, असेही सर्रास आढळते.

तक्त्यावर इतका भरवसा ठेवता येतो तो नेवाडा राज्याच्या नियमामुळे. ज्या यंत्रावर पत्त्यांचा खेळ दाखवला जातो, त्यात प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या, नीट पिसलेल्या ५२ पत्त्यांच्या कॅटाइतकीच असली पाहिजे, असे तो नियम सांगतो. स्लॉट मशीनच्या चक्रांवर कोणते चिन्ह किती वेळा येणार हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे तिथे दोन कॅसिनोंची तुलना म्हणजे निव्वळ तर्क. व्हिडिओ पोकरमध्ये मात्र तक्ता वाचला की उरते ते गणित, आणि ते बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला जड जाऊ नये. गर्दी असेल तिथे मशीन ‘सुटते’ या समजुतीला त्या गणितात काहीही आधार नाही.

आपण फोनवर खेळता तो बहुधा ‘जॅक्स ऑर बेटर’ असावा, म्हणजे गुलामाच्या जोडीपासून बक्षीस सुरू होणारा मूळ खेळ. त्याच्या सर्वोत्तम तक्त्यात एका नाण्यामागे (नाणे म्हणजे डाव लावण्याचे एकक, जसे पाव किंवा एक डॉलर) गुलाम किंवा त्याहून मोठ्या पत्त्यांच्या जोडीला १, दोन जोड्यांना २, तीन सारख्या पत्त्यांना ३, स्ट्रेटला (ओळीने पाच पत्ते) ४, फ्लशला (पाचही एकाच प्रकारचे, जसे सगळे बदाम) ६, फुल हाउसला (तीन सारखे आणि एक जोडी) ९, चार सारख्या पत्त्यांना २५, स्ट्रेट फ्लशला (एकाच प्रकारचे, ओळीने) ५० आणि पाच नाणी लावली असतील तर रॉयल फ्लशला (एकाच प्रकारचे दहा ते एक्का) ८०० मिळतात. कॅसिनो हात मारतात तो मधल्या दोन ओळींवर. फुल हाउसचे ९ आणि फ्लशचे ६ असले तर त्या मशीनला खेळाडू ‘नऊ-सहा’ म्हणतात. अचूक खेळणाऱ्याला त्यावर लावलेल्या पैशांपैकी ९९.५४ टक्के दीर्घकाळात परत मिळतात. ‘आठ-पाच’वर हे प्रमाण ९७.३० टक्के, ‘सात-पाच’वर ९६.१५ आणि ‘सहा-पाच’वर ९५ टक्के होते. फुल हाउस साधारण ८७ डावांत एकदा आणि फ्लश ९१ डावांत एकदा लागतो, म्हणून तक्त्यातला एकेक आकडा उतरला की सव्वा टक्क्याच्या थोडे खालीच, म्हणजे १.१ टक्क्याच्या आसपास, रक्कम खेळाडूच्या खिशातून निघून जाते. आकडा एकानेच उतरतो, त्यामुळे नवख्या माणसाच्या नजरेत तो भरत नाही; कॅसिनोला नेमके तेच सोयीचे असते.

आता वहिनींसाठी हिशेब. पाव डॉलरच्या मशीनवर पाच नाणी म्हणजे एका डावाला सव्वा डॉलर. तासाला ५०० डाव धरले, तर ६२५ डॉलर मशीनमधून फिरतात. नऊ-सहावर त्यातले सरासरी २ डॉलर ८५ सेंट जातील, आठ-पाचवर सुमारे १७ डॉलर आणि सहा-पाचवर सव्वाएकतीस डॉलर. पत्ते तेच, खुर्ची तीच, बटणेही तीच; पण एका मशीनवर दुसऱ्याच्या अकरा पट खर्च येतो. बारच्या काउंटरमध्ये बसवलेल्या मशीनवर तक्ता सहसा वाईट असतो, आणि आपल्या मित्रांची फुकट बिअर मिळते ती बहुतेक वेळा तिथेच. सहा-पाच आणि नऊ-सहा यांतला फरक ताशी २८ डॉलरचा आहे. त्या बिअरची किंमत त्यावरून काढावी.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नऊ आणि सहा हे आकडे दिसले म्हणजे मशीन चांगले, असे समजून बसू नका. वर खेळाचे नाव कोणते आहे तेही वाचा. ‘बोनस पोकर’ या प्रकारात चार सारख्या पत्त्यांना जास्त बक्षीस असल्यामुळे तिथला आठ-पाचचा तक्ता ९९.१७ टक्के परतावा देतो, म्हणजे जॅक्स ऑर बेटरच्या आठ-पाचपेक्षा जवळजवळ दोन टक्के अधिक. उलट ‘डबल डबल बोनस’मध्ये नऊ-सहा असूनही परतावा ९८.९८ टक्केच आहे. चार एक्के आणि सोबत दुर्री, तिर्री किंवा चौकी आली तर नाण्यामागे ४०० मिळतात, या मोहाने लोक त्या मशीनला चिकटतात. पण दोन जोड्यांना २ ऐवजी १ केलेला असतो, आणि दोन जोड्या तर साधारण आठ डावांत एकदा येतात. त्यामुळे हातातले पैसे फार भरभर ओसरतात आणि चार एक्क्यांची वाट पाहण्याइतके ते टिकत नाहीत. चार दिवसांच्या पाहुण्याने या खेळापासून दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व दुर्र्या जोकर मानणाऱ्या ‘ड्यूसेस वाइल्ड’चा एक जुना तक्ता तर १००.७६ टक्के परतावा देतो, म्हणजे कागदावर खेळाडूच वरचढ ठरतो. तो आता क्वचित सापडतो आणि त्याची खेळण्याची रीत पूर्ण वेगळी आहे. त्याच नावाखाली वाईट तक्ते मात्र मुबलक आहेत.

अमेरिकी खेळाडू आपल्याला एक सल्ला हमखास देतील: पाव डॉलरला नऊ-सहा मिळत नसेल तर एक डॉलरच्या मशीनवर जा, तिथे तक्ते चांगले असतात. त्यांच्यापुरता तो बरोबर आहे. डॉलरच्या नऊ-सहावर तासाला अडीच हजार डॉलर फिरतात आणि सरासरी साडेअकरा डॉलर जातात, म्हणजे पाव डॉलरच्या आठ-पाचपेक्षा कमीच. परंतु आपण तिथे परदेशी पाहुणे असणार, आणि मशीनवरच्या मोठ्या बक्षिसातून परदेशी माणसाचा ३० टक्के कर जागच्या जागी कापला जातो. व्हिडिओ पोकर या बाबतीत स्लॉटच्याच वर्गात मोडतो. पाव डॉलरच्या मशीनवर रॉयल फ्लश म्हणजे एक हजार डॉलर. ती रक्कम ज्या मर्यादेपुढे कॅसिनो मशीन थांबवून कागदपत्रे भरून घेतो, तिच्या आत राहते. डॉलरच्या मशीनवर रॉयल चार हजारांचा होतो आणि त्यातले बाराशे करात जातात. रॉयलचा एकूण परताव्यातला वाटा सुमारे दोन टक्के आहे. त्याचे ३० टक्के वजा केले, की पुस्तकातले ९९.५४ आपल्यापुरते ९८.९५ होतात आणि ताशी खर्च साडेअकरावरून सव्वीस डॉलरच्या घरात जातो. म्हणजे पाव डॉलरचे साधे आठ-पाचही त्याहून स्वस्त पडते, शिवाय चढउतार चौथ्या हिश्श्याने. भारतात परतल्यावर तेच उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे लागते ते वेगळेच. अमेरिकेत भरलेल्या कराचे श्रेय मिळते, पण हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. तेव्हा आपल्यासाठी पाव डॉलरचे मशीन हीच मर्यादा समजा आणि त्या मर्यादेत चांगला तक्ता शोधा.

नाणी मात्र पाचही लावावीत, कारण एक ते चार नाण्यांवर रॉयलला नाण्यामागे ८०० ऐवजी २५० च मिळतात आणि तिथेच सव्वा टक्क्याच्या आसपास फटका बसतो. सव्वा डॉलरचा डाव जड वाटत असेल, तर कमी नाणी लावण्यापेक्षा कमी किमतीच्या नाण्याचा खेळ पाहावा. मात्र त्याचा तक्ता पुन्हा वाचावा, कारण लहान नाण्यांवर तो बहुधा उतरलेला असतो.

वहिनींना वर दिलेले आकडे सांगताना हेही सांगा, की ते सरासरीचे आहेत आणि आपल्या चार दिवसांत सरासरी दिसणार नाही. रॉयल फ्लश सुमारे ४० हजार डावांत एकदा येतो. तासाला ५०० डावांच्या वेगाने ते ८० तास झाले. तो न आल्यास नऊ-सहाचा परतावा साडेसत्त्याण्णव टक्क्यांपर्यंत घसरतो आणि ताशी तीन डॉलरऐवजी पंधरा जाऊ लागतात. चार सारखे पत्ते साधारण ४२३ डावांत एकदा, म्हणजे जवळपास तासाला एकदा येतात, आणि संध्याकाळ कशी जाईल हे बरेचसे त्यांच्यावर ठरते. एका तासात शे-सव्वाशे डॉलर वर किंवा खाली होणे हा या खेळाचा नेहमीचा चढउतार आहे. एका संध्याकाळच्या चार तासांसाठी दोनशे ते तीनशे डॉलर वेगळे काढावेत, ते संपले की उठावे, आणि ती रक्कम प्रवासाच्या खर्चातच धरावी.

आता प्रत्यक्ष ठिकाणांकडे वळू. लास व्हेगासच्या स्ट्रिपवर, जिथे बहुतेक पर्यटक उतरतात, तिथे पाव डॉलरला नऊ-सहा मिळणे अवघड आहे. आठ-पाच, सात-पाच आणि सहा-पाच यांचीच वस्ती दाट. शहरातले स्थानिक रहिवासी जातात त्या कॅसिनोंत चित्र बरे असते, कारण आठवड्यातून दोनदा येणारा माणूस तक्ता वाचायला शिकतो आणि तो बिघडला की शेजारी जातो. स्ट्रिपच्या दक्षिणेला बऱ्याच अंतरावर असलेले साउथ पॉइंट व्हिडिओ पोकरच्या चांगल्या तक्त्यांसाठी खेळाडूंमध्ये दीर्घकाळ नावाजलेले आहे. जाण्या-येण्याच्या टॅक्सीचे पैसे मात्र हिशेबात धरा. दोन तास खेळण्यासाठी तेवढे अंतर कापले तर वाचलेले पैसे टॅक्सीतच जातील, पण सबंध संध्याकाळ घालवणार असाल आणि मुलाची गाडी असेल तर जाणे परवडते. हॉटेल निवडताना स्ट्रिपवरच्या खोल्यांच्या भाड्यावर लागणारी रिसॉर्ट फी पाहायला मुलाला सांगा. खोली एकीकडे आणि खेळ दुसरीकडे, यात काहीही वावगे नाही. तक्ते पूर्वसूचना न देता बदलतात, म्हणून कोणाच्या जुन्या आठवणीवर विसंबू नका. पहिला अर्धा तास पैसे न काढता नुसते फिरण्यात घालवा आणि मशीनवर खेळाचे नाव, नाणे व तक्ता निवडून वाचा. पैसे न घालता तक्ता पाहता येतो आणि त्याला कोणी हरकत घेत नाही.

ओक्लाहोमातला कॅसिनो म्हणजे थॅकरव्हिलचा विनस्टार असावा, असे अंतरावरून वाटते. चिकासॉ राष्ट्र या मूळ अमेरिकी जमातीच्या मालकीचा हा कॅसिनो आकाराने जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे, आणि टेक्सासमध्ये व्यापारी कॅसिनोंना परवानगी नसल्यामुळे डॅलसचे लोक तिकडे लोटतात. तिथे आकारापेक्षा मशीनचा वर्ग महत्त्वाचा. मूळ अमेरिकी जमातींच्या कॅसिनोंना १९८८ चा केंद्रीय कायदा लागू आहे आणि त्याने खेळांचे वर्ग पाडले आहेत. दुसऱ्या वर्गातली मशीन मुळात बिंगोची असतात: बटण दाबताच इतर मशीनवरच्या खेळाडूंबरोबर बिंगोचा डाव होतो, बक्षीस त्यावर ठरते आणि पडद्यावरचे पत्ते हे त्या निकालाचे केवळ चित्र असते. अशा मशीनवर नऊ-सहाचा तक्ता लिहिलेला दिसला तरी वरचे एकही टक्केवारीचे गणित लागू पडत नाही, आणि आपल्याला आवडणारा ‘डोके चालवण्याचा’ भागही नाममात्र उरतो. ओक्लाहोमात २००४ मध्ये झालेल्या कायद्यानंतर तिसऱ्या वर्गातली, म्हणजे बिंगोशी संबंध नसलेली मशीनही आली. त्यामुळे एकाच सभागृहात दोन्ही प्रकार असू शकतात. ओळखायची खूण सोपी आहे: पडद्याच्या कोपऱ्यात लहानसा बिंगोचा चौकोन दिसला, तर ते मशीन सोडून पुढे चला. मुलाबरोबर एक दिवसाची सहल म्हणून विनस्टारला जरूर जा. व्हिडिओ पोकरसाठी निवड करायची झाली, तर मी व्हेगासच निवडेन.

आणि गोवा? महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला, म्हणून कोल्हापूरकराला घाट उतरूनच जावे लागते. गोव्याच्या कायद्यात पंचतारांकित हॉटेलांतल्या कॅसिनोंना फक्त यंत्रांचे खेळ ठेवता येतात आणि माणूस पत्ते वाटतो ती टेबले मांडवीतल्या जहाजांवर. पण व्हिडिओ पोकरच्या दृष्टीने हा भेद दुय्यम ठरतो, कारण तक्त्याच्या आधीच कराची वजावट बसते. खेळण्यासाठी भरलेल्या संपूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. तो आपल्याकडून वेगळा घेतात की कॅसिनो आपल्या नफ्यातून भरतो, हे चिप्स घेण्यापूर्वी खिडकीवरच विचारावे. दुसऱ्या प्रकारातही तो कुठून तरी वसूल होणारच, आणि तक्ता उतरवणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग. दहा हजार रुपयांवर चार हजार कर गेला असे धरले, तर तेवढेच पैसे नऊ-सहाच्या मशीनवर घालवायला सुमारे पावणेनऊ लाख रुपयांचा खेळ करावा लागेल! प्रवेशाच्या पॅकेजमध्ये जेवण-पेय आणि काही चिप्स मिळतात, पण त्यांतल्या एकदाच खेळण्याच्या चिप्स वटवता येत नाहीत. जिंकलेल्या रकमेवरचा ३० टक्के आयकर याशिवाय. मित्रांबरोबर जेवणखाण आणि जागरणासाठी गोव्याला जात असाल तर माझी काही तक्रार नाही. तक्ते पाहून कॅसिनो निवडण्याची जागा मात्र ती नव्हे.

जाण्यापूर्वी फोनवरचा सराव चालू ठेवा, पण पैसे न लावता. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, त्यामुळे कोणी एखादे संकेतस्थळ सुचवले तरी त्या वाटेला जाऊ नका. सरावात तीन पानीच्या सवयी मोडाव्या लागतील. जोडीबरोबर एक्का राखून ठेवण्यात काही हशील नाही; जोडी ठेवायची आणि उरलेले तिन्ही पत्ते बदलायचे. गुलामापासून वरची जोडी असेल तर चार बदामांचा फ्लश होत असला तरी तो मोडायचा. पण जोडी सत्त्यांची असेल, तर फ्लशचे चार पत्ते ठेवायचे. एकट्या एक्क्यापेक्षा एकटा गुलाम किंचित सरस असतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंनी स्ट्रेट जुळू शकतो. नऊ-सहावर बसून अंदाजाने पत्ते टाकणारा माणूस दीड-दोन टक्के सहज गमावतो, मग आठ-पाचवर काळजीपूर्वक खेळणाऱ्यात आणि त्याच्यात फारसे अंतर उरत नाही.

शेवटी कार्डाचा प्रश्न. पत्ते निवडणाऱ्या यंत्रणेला कार्ड घातले आहे की नाही याच्याशी कर्तव्य नसते. कार्ड फक्त आपण किती खेळलात याची नोंद करते आणि त्यावर गुण देते. समजा शंभर डॉलरच्या खेळामागे पाव डॉलर परत मिळाला, तर नऊ-सहावर कॅसिनोच्या वाट्याचा निम्म्याहून अधिक भाग आपल्याकडे परत आला. मात्र अनेक ठिकाणी व्हिडिओ पोकरला स्लॉटपेक्षा कमी गुण देतात, आणि काही ठिकाणी सर्वांत चांगल्या तक्त्याच्या मशीनला गुणच नसतात, म्हणून काउंटरवर हे विचारून घ्या. दोन कॅसिनोंत पाव डॉलरचा तक्ता सारखाच असेल, तेव्हा कार्डाच्या गुणांवरून निवड करावी. तक्ता वेगळा असेल तर गुणांकडे पाहूही नये. कार्ड विनामूल्य मिळते, ते काढताना पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि वहिनींनाही खेळून पाहायचे असेल तर त्यांचे कार्ड त्यांच्या नावाने वेगळे काढा.